पाऊस ओसरल्यावर बिद्री : ट्रॅक्टरची दुरुस्ती आणि शिवारातले वन्यजीव

बिद्री हे कागल तालुक्यातले गाव कोल्हापूरहून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. थोडे पुढे मुदाळ तिट्टा लागतो. निपाणीकडून येऊन राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता तिथे गारगोटीच्या रस्त्याला मिळतो. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या खोऱ्यांनी हा मुलूख बनला आहे. दूधगंगेवर काळम्मावाडीचे २५ टीएमसीहून अधिक साठ्याचे धरण आहे आणि वेदगंगेवर पाटगावचे. बिद्रीचा सहकारी साखर कारखानाही दूधगंगा-वेदगंगा याच नावाचा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. घाटमाथ्यावर तो काही हजार मिलिमीटर पडतो आणि शिरोळकडे पाचसहाशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. बिद्री या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात येते. पश्चिमेला राधानगरी आणि भुदरगडचे डोंगर, त्यांवरचे जंगल आणि उतारावरची भातखाचरे आहेत. पूर्वेला नदीकाठची काळी जमीन आणि उसाचे सलग फड आहेत. त्यामुळे डोंगरातले प्राणी आणि सपाटीवरची यंत्रे इथे एकाच शिवारात भेटतात. आश्विन आणि कार्तिक या महिन्यांत ही भेट सर्वांत जास्त घडते. पाऊस थांबून जमीन वाफशावर आली की ट्रॅक्टर शेतात उतरतो, भात आणि सोयाबीन निघून रान मोकळे होते आणि तोवर पिकात दडून राहिलेले जीव नजरेस पडू लागतात.

शरदातले कामाचे वेळापत्रक

नैर्ऋत्य मोसमी पाऊस या भागातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी जातो. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे वर्षातले सर्वांत धावपळीचे असतात. सोयाबीन आणि भुईमूग आधी निघतात, मागोमाग भाताची सुगी सुरू होते. मोकळ्या झालेल्या रानात नांगरट करून, सऱ्या सोडून पूर्वहंगामी उसाची लागण होते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस आधीच कमरेच्या वर गेलेला असतो आणि आदल्या वर्षीचा ऊस तोडणीच्या पाळीची वाट पाहत उभा असतो.

नदीवरही याच काळात काम चालते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमध्ये दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. पावसाळ्यात हे बरगे काढून ठेवलेले असतात, म्हणजे पुराचे पाणी गाळासह निघून जाते. पाऊस संपला की ते पुन्हा बसवतात. बंधाऱ्यामागे पाणी तुंबू लागले की काठावरच्या उपसा योजनांच्या मोटारी सुरू होतात.

कारखान्यात दसऱ्याच्या सुमाराला बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि त्यानंतर काही आठवड्यांनी मोळी टाकून गाळप सुरू होते. गाळप कधी सुरू करायचे हे राज्य पातळीवर ठरते. ती तारीख बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. ऊसदरावरून शेतकरी संघटनांची आंदोलनेही याच दिवसांत होतात. बीडसारख्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या दिवाळीनंतर येऊ लागतात. टोळी येण्याआधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली धडधाकट हवी, या एका गरजेभोवती दुरुस्तीचा सारा हंगाम फिरतो.

रोजचा दिवस मात्र दुधाने सुरू होतो. पहाटे धार काढून डेअरीला दूध घालणे, वैरण आणणे, मग शेत, आणि संध्याकाळी पुन्हा डेअरी हा क्रम कोल्हापूर जिल्ह्यातल्या घराघरांत ठरलेला आहे. ट्रॅक्टर दुरुस्तीला असला तरी या दोन वेळा चुकत नाहीत. रात्रीचा वेळही मोकळा नसतो. शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो. वन्यप्राण्यांशी होणाऱ्या अनेक अचानक भेटी याच वेळी घडतात. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली. त्या मागणीमागे झोपेइतकीच साप आणि गव्यांची भीतीही आहे.

नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत

दक्षिण महाराष्ट्राला शेतीच्या यंत्रांची ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार करायला सुरुवात केली आणि १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन बिघडेल या समजुतीमुळे सुरुवातीला तो नांगर घ्यायला शेतकरी धजत नसत. कोल्हापुरात पुढे ऑईल इंजिने, ओतकाम आणि सुटे भाग यांचा व्यवसाय वाढला. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत आजही वाहनांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतले आणि घडवले जातात.

भारतात ट्रॅक्टर जोडणीची सुरुवात १९५९ साली फरिदाबादला आयशरने केली. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली. १९७१ साली एचएमटीचे आणि १९७४ साली मोहालीहून स्वराजचे ट्रॅक्टर आले. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचा प्रसार वाहतुकीने वाढवला. फक्त नांगरटीसाठी यंत्र घेणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. वर्षातले चार महिने कारखान्याला ऊस ओढला तर कर्जाचे हप्ते फिटतात, उरलेले आठ महिने भाड्याने नांगरट, रोटर आणि भरणीची कामे मिळतात. हे गणित जमते म्हणून गावोगावी ट्रॅक्टर दिसतात.

शेतात ट्रॅक्टर नुसता ओढत नाही. मागच्या तीन सांध्यांवर अवजार अडकवून ते लिफ्टने खालीवर करता येते. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली ही पद्धत १९३९ साली फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि आज ती जगभर रूढ आहे. अवजाराचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जमिनीत पकड घेतो. मागच्या बाजूला असलेला पीटीओचा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे फिरतो आणि रोटावेटर, मळणी यंत्र किंवा पाण्याचा पंप चालवतो.

पावसाळ्याने केलेली झीज

जून-जुलैमध्ये भातखाचरात चिखलणी करताना मागे लोखंडी पिंजरा चाके लावतात. तेव्हा ट्रॅक्टर अर्धा चाकभर पाण्यात चालतो. बारीक चिखल चाकांच्या हबमध्ये, बेअरिंगच्या सीलमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरतो. चिखलणीनंतर बरेच ट्रॅक्टर दोन-अडीच महिने शेडमध्ये उभे राहतात. शरदात समोर येणाऱ्या दुरुस्त्यांची मुळे या दोन गोष्टींत, म्हणजे आधीच्या चिखलात आणि नंतरच्या उभ्या राहण्यात, सापडतात.

पहिली तक्रार असते ती ट्रॅक्टर सुरूच न होण्याची. बॅटरी उतरलेली असते, टर्मिनलवर पांढरट क्षार जमलेला असतो. गरम पाण्याने टर्मिनल धुऊन, घासून त्यावर ग्रीस लावतात. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे झाले तर डिझेलकडे पाहावे लागते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतले पाणी जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. ते काढण्यासाठी टाकीचा आणि फिल्टरच्या वाटीचा तळाचा स्क्रू उघडतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून उच्च दाबाने डिझेलचा फवारा सोडला की ते पेटते. हा दाब डिझेल द्रवरूप आहे म्हणून तयार होतो. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो आणि नोझल उघडत नाही. यालाच हवा धरणे म्हणतात. फिल्टर बदलला, टाकी रिकामी झाली किंवा नळीचा सांधा सैल झाला की हवा धरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे, फेसाळ डिझेल जाऊन सलग धार आली की स्क्रू आवळायचा, मग पुढच्या सांध्यावर तेच करायचे. पंप-नोझलची मूळ जुळणी बिघडली असेल तर मात्र घरी काही करता येत नाही. त्यासाठी चाचणी यंत्र असलेल्या दुकानात पंप उतरवून न्यावा लागतो.

इंजिनाचा धूर पाहून मेस्त्री पुष्कळ ओळखतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बहुतेक वेळा हवेचा फिल्टर चोंदलेला असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे, रिंग आणि लायनर झिजले आहेत. गरम झालेल्या इंजिनातून सतत पांढरा धूर येत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये उतरत असण्याची किंवा डिझेल न जळताच बाहेर पडत असण्याची शक्यता पाहतात. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि तसे इंजिन चालवणे म्हणजे क्रँकची बेअरिंगे घालवणे.

ऑईल आणि फिल्टर बदलण्याचा हिशेब ट्रॅक्टरमध्ये किलोमीटरवर नसून तासांवर असतो. अनेक ट्रॅक्टरांसाठी तो २५० तासांच्या आसपास आहे. जुन्या ट्रॅक्टरांत हवेचा फिल्टर तेलाचा असतो. खालच्या वाटीतल्या तेलावरून हवा वळते आणि धूळ तेलात अडकते. मळणीच्या आणि ऊसवाहतुकीच्या दिवसांत ही वाटी वरचेवर धुवावी लागते. रेडिएटरच्या जाळीतही भुसकट आणि पाचटाचे तुकडे अडकून इंजिन तापते. जाळी आतून बाहेर हवा मारून साफ करतात. उलट दिशेने मारली तर कचरा आणखी आत बसतो.

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची खरी परीक्षा क्लच, ब्रेक आणि टायर यांची असते. ओल्या रानातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढताना क्लच अर्धा दाबून धरला की प्लेट जळते. म्हणून हंगामापूर्वी क्लचचा खेळ तपासतात आणि प्लेट पातळ झाली असेल तर ट्रॅक्टर मधोमध तोडून ती बदलतात. ट्रॅक्टर तोडणे म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करणे. हे एका माणसाचे काम नाही. त्याला जॅक, लाकडी ठोकळे, साखळी-कप्पी आणि दोन-तीन जण लागतात.

ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट अपघाताशी थेट जोडलेली आहे. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या आणि उजव्या चाकांसाठी दोन वेगळे पेडल असतात. शेतात कोपऱ्यावर वळताना एकच चाक अडवता यावे, यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीने जोडलेले हवेत. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याला ढकलतात. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. भार मागे जास्त पडला की चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. त्यासाठी पुढे लोखंडी वजने बसवतात. ट्रॉलीचे हब उघडून बेअरिंगला नवे ग्रीस भरणे, जोडणीची पिन आणि साखळी तपासणे, मागे लाल परावर्तक पट्ट्या लावणे ही कामे हंगामापूर्वी उरकावी लागतात. अंधाऱ्या रस्त्यावर उभी राहिलेली, दिवा नसलेली उसाची ट्रॉली दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

मेस्त्री, सुटे भाग आणि नवी यंत्रे

दुरुस्तीची कामे तीन पातळ्यांवर वाटली जातात. ऑईल, फिल्टर, बेल्ट, ग्रीस ही कामे मालक किंवा चालक स्वतः करतो. क्लच, लिफ्ट, हेड, सेल्फ यांसाठी तिट्ट्यावरचा किंवा बाजारगावातला मेस्त्री लागतो. क्रँक घासणे, लायनर बसवणे, पंपाची जुळणी ही कामे मुरगूड, गारगोटी, निपाणी किंवा थेट कोल्हापूरला जातात. उद्यमनगरात जुना भाग नमुना म्हणून दाखवून तसाच नवा घडवून घेता येतो, ही या भागाची मोठी सोय आहे. वेल्डिंगची दुकानेही या दिवसांत भरलेली असतात. नांगराच्या फाळांना धार, रोटावेटरला नवी पाती, ट्रॉलीच्या तुटलेल्या फाळक्यांना पट्ट्या अशी कामे तिथे रांगेत पडून असतात.

खंडेनवमीला दुरुस्त झालेला ट्रॅक्टर धुऊन, हार घालून पुजतात. पान्हे, हातोडे, जॅक यांचीही पूजा होते. त्या दिवसापर्यंत यंत्र उभे राहावे, अशी अनेक मालकांची धडपड असते. पुढे ऊसवाहतुकीचा करार झालेला असतो, टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली असते. हंगामात ट्रॅक्टर दोन दिवस बंद पडला तर खेपा बुडतात, तोडलेला ऊस फडात वाळून वजनात घटतो आणि टोळीही बसून राहते.

ट्रॅक्टरचे स्वरूपही बदलते आहे. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यांत डिझेलचा फवारा संगणकाच्या नियंत्रणाखाली सोडला जातो. तिथे बिघाड शोधायला कानापेक्षा स्कॅनर लागतो आणि तो बहुधा कंपनीच्या सेवा केंद्रातच असतो. अमेरिकेत याच प्रश्नावरून शेतकरी आणि उत्पादक यांच्यात मोठा वाद झाला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला. शेतीयंत्राची दुरुस्तीची माहिती आणि साधने मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकला देणे त्याने बंधनकारक केले. बिद्रीच्या परिसरातले बहुतेक ट्रॅक्टर अजून ५० अश्वशक्तीच्या आतले आणि जुन्या धाटणीचे आहेत, त्यामुळे गावातल्या मेस्त्रीचे कसब तूर्त टिकून आहे.

नांगरामागचे पक्षी

ट्रॅक्टर शेतात उतरला की मागोमाग पांढरे गायबगळे येतात. नांगराच्या फाळाने उलटलेल्या मातीत किडे, गांडुळे, बेडूक आणि अळ्या उघड्या पडतात. बगळ्यांबरोबर साळुंक्या, कावळे, काळे कोतवाल आणि शेराट्या असतात. घारी वर घिरट्या घालत उंदरांवर नजर ठेवतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या जेवणावळीत सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे हुमणी. ही भुंगेऱ्याची पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी उसाची मुळे खाते आणि लागण वाळवते. वळवाच्या पहिल्या सरींनंतर भुंगेरे जमिनीतून वर येऊन संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर जमतात, मादी जमिनीत अंडी घालते आणि पावसाळाभर अळ्या वाढतात. शरदात त्या पूर्ण वाढलेल्या असतात. या वेळी खोल नांगरट केली तर अळ्या वर येऊन पक्ष्यांच्या तोंडी पडतात. दिवसाउजेडी नांगरट केली तर हा फायदा मिळतो. रात्री दिव्याच्या उजेडात नांगरले तर बगळे झोपलेले असतात.

याच काळात उत्तरेकडचे पाहुणेही येतात. ओल्या रानात शेपटी हलवत धावणारे धोबी पक्षी सप्टेंबरपासून दिसू लागतात. पळसमैनांचे, म्हणजे भोरड्यांचे थवे येतात, विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या बसतात. निळ्या पंखांचा नीलपंखही याच सुमारास तारांवर दिसतो. मुरगूडच्या सर पिराजीराव तलावासारख्या पाणवठ्यांवर बदके आणि चिखलपायटे पक्षी उतरतात. मोकळ्या रानावरून अगदी खालून तरंगत जाणारे शिकारी पक्षी म्हणजे भोवत्या. उंदीर आणि टोळ टिपत ते फिरतात.

भाताच्या खाचरांवर दुपारी तरंगणारे पिवळसर चतुरांचे थवेही शरदातलेच. भटके चतुर म्हणून ओळखले जाणारे हे कीटक ऑक्टोबरनंतर भारताकडून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असा निष्कर्ष जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडला. अमूर ससाणेही नोव्हेंबरात ईशान्य भारतातून निघून महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे आणि पुढे आफ्रिकेत जातात. समुद्रावरच्या प्रवासात त्यांना चतुरांचे खाद्य मिळत असावे, असे मानले जाते.

शेडमध्ये आणि सुगीत भेटणारे जीव

उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये पावसाळ्यात नवे बिऱ्हाड येते. उंदीर बॅटरीच्या खोक्यात किंवा हवेच्या फिल्टरपाशी घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. गांधीलमाशा सीटखाली आणि फेंडरच्या आतल्या बाजूला पोळे लावतात. सायलेन्सरचे तोंड उघडे राहिले तर त्यात पाणी आणि कधी पक्ष्याचे घरटे सापडते. उंदरांच्या मागावर साप येतात. म्हणून बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर उघडताना बॉनेट काठीने उचलून, आत उजेड टाकून पाहण्याची पद्धत आहे. ट्रॉलीवरची ताडपत्री आणि कोपऱ्यातले जुने टायर हलवतानाही तीच काळजी घ्यावी लागते.

सापांशी सर्वाधिक गाठ भातकापणीत पडते. खाचरे सुकत जातात तसे उंदीर पिकात शिरतात आणि धामण, नाग, घोणस त्यांच्या मागे येतात. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लेही या वेळी हिंडत असतात. माणसाला धोका असतो तो मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचा. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाऊन पिकाचे रक्षण करते. पण लांबी आणि चपळाई पाहून तिलाच पुष्कळदा मारले जाते. कापणीच्या वेळी पायात बूट आणि हातात काठी असली तर बरेच दंश टळतात. दंश झालाच तर चिरा देणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे हे सारे घातक ठरते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात नेणे हाच खरा उपाय.

उसाचा फड : तात्पुरते जंगल

आठ-दहा फूट वाढलेला ऊस वर्षभर हलवला जात नाही. आत सावली, ओलावा आणि उंदरांची रेलचेल असते. कोल्हे, रानमांजरे, मुंगूस, घोरपडी, ससे, साळिंदर आणि रानडुकरे तिथे आसरा घेतात. मोर पहाटे फडाच्या कडेला येतात. रानडुकरे कांड्या चघळून आणि मुळे उकरून उभा ऊस आडवा करतात, कोल्हेही ऊस चघळतात.

बिबट्याच्या बाबतीत उसाचे महत्त्व महाराष्ट्रातच स्पष्ट झाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या ऊसपट्ट्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे राहत असल्याचे त्यात आढळले. जुन्नर भागात तर बिबट्याच्या माद्या उसातच पिल्ले घालतात आणि तोडणीच्या वेळी ती सापडतात. अशी पिल्ले जागेवरच ठेवून माणसे दूर गेली तर आई रात्री येऊन ती नेते, हा तिथला अनुभव आहे. बिद्रीकडे बिबट्या जुन्नरइतका नित्याचा नाही, पण डोंगराकडच्या गावांत तो अधूनमधून दिसतो.

तोडणी सुरू झाली की आतले प्राणी उरलेल्या उसात मागे मागे सरकतात. शेवटचा पट्टा उरला की एकदमच बाहेर पडतात. म्हणून जाणत्या टोळ्या फड रस्त्याकडून किंवा वस्तीकडून तोडत नेतात आणि रानाची किंवा ओढ्याची बाजू शेवटी मोकळी ठेवतात. चारही बाजूंनी घेरून तोडले किंवा पाचट पेटवले तर प्राण्याला वाट उरत नाही आणि तो माणसांच्या अंगावर येतो.

गवा

या मुलखात सर्वांत जास्त चर्चा होते ती गव्याची. कोल्हापूर संस्थानच्या राखीव शिकारीच्या रानातून १९५८ साली दाजीपूरचे अभयारण्य झाले. पुढे त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य बनले. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत ते आहे. हे अभयारण्य मुख्यतः गव्यांसाठीच ओळखले जाते.

गवा ही जगातली सर्वांत मोठी रानटी गोजाती आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी माणसाएवढा किंवा त्याहून उंच आणि ८०० ते १,००० किलो वजनाचा असतो. अंग काळेभोर किंवा तपकिरी, गुडघ्याखाली पाय पांढरे आणि पाठीवर उंचवटा. कळपात माद्या, वासरे आणि तरुण नर असतात. मोठे नर बराच काळ एकटे फिरतात. नजरेपेक्षा नाकावर त्याची भिस्त जास्त असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये त्याला पहिल्या परिशिष्टाचे, म्हणजे सर्वाधिक, संरक्षण आहे.

पाऊस संपला की डोंगरमाथ्यावरचे गवत कोरडे आणि जाड होऊ लागते. त्याच वेळी खाली पक्व होत आलेले भात, कोवळी लागण आणि बारमाही पाणी असते. एकदा उसाची चव लागलेला कळप दरवर्षी येतो, आणि उसाच्या आडोशाने तो नदीकाठाने पूर्वेकडे बराच खाली उतरू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये गवे पंचगंगेच्या काठाने कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये भरकटलेल्या एका गव्यामागे गर्दी धावली आणि पकडल्यानंतर तो मरण पावला. धाव, गोंगाट आणि भीती यांनी एवढे बलाढ्य जनावरही कोसळते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

गवा सहसा माणूस दिसला की दूर जातो. धोका असतो तो अचानक समोरासमोर येण्यात, वासरू असलेल्या मादीच्या वाटेत येण्यात आणि एकट्या नराला कोंडीत पकडण्यात. रात्री पाणी पाजायला जाताना एकट्याने न जाणे, बॅटरी आणि आवाज ठेवणे, गवा दिसल्यास दिवे त्याच्या डोळ्यांवर न मारता मागे सरकणे हे साधे नियम आहेत. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलने पाठलाग करणे आणि मोबाईलवर चित्रण करण्यासाठी जवळ जाणे यांतून बरेच अपघात होतात.

चंदगड आणि आजरा तालुक्यांत याच्या जोडीला हत्तींचाही प्रश्न आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले आणि त्यांतले काही पुढे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आले. बिद्रीच्या परिसरापर्यंत मात्र मुख्य प्रश्न गवा आणि रानडुकरांचाच राहिला आहे.

पिकाचे नुकसान झाले तर वन विभागाकडे ताबडतोब अर्ज करावा लागतो. वन कर्मचारी पंचनामा करतात आणि त्यानुसार भरपाई मिळते. पायाचे ठसे, विष्ठा आणि पडलेले पीक पंचनाम्यापर्यंत तसेच ठेवणे उपयोगाचे असते. प्राणी वस्तीत आल्यास वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. कुंपणात थेट घरगुती किंवा शेतीपंपाची वीज सोडणे हा गुन्हा आहे. त्यात गव्यांबरोबर जनावरे आणि माणसेही मरतात. बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर क्षणिक झटका देणारे कुंपण वेगळे. ते प्राण्याला मारत नाही, परतवते.

मोळी पडून गाळप सुरू झाले की शरदाचा हा काळ संपतो. दुरुस्त झालेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात आणि दुरुस्तीची कामे क्लच, टायर आणि पंक्चरपुरती उरतात. फड एकेक करून रिकामे होतात तसा प्राण्यांचा आसरा आक्रसत जातो आणि मार्चपर्यंत बहुतेक प्राणी ओढ्यांच्या काठाला, डोंगराकडे किंवा उभ्या राहिलेल्या आडसाली उसात सरकलेले असतात. उन्हाळ्यात ट्रॅक्टर पुन्हा नांगरटीला लागतो, जूनमध्ये चिखलणीला, आणि त्या चिखलात पुढच्या शरदातल्या दुरुस्त्या सुरू होतात.